झालंच

६ जानेवारी

ठकू,

पाणी तापत ठेवलं होतं, गॅलरीतले वाळलेले कपडे आत आणून टाकले होते आणि तुझ्या मामांच्या गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत होते. कॉलरपाशी एक सुरकुती हट्टानं राहायची, ती काढायला मी वाकले होते. हे स्वयंपाकघरात उभे राहून बुटांना पॉलिश करत होते. शंभरदा सांगितलं होतं की बूट घेऊन बाहेर बसा. पण दिवसभर बस चालवणारा माणूस, घरी आलं की उभं राहायची हौस. तेवढ्यात दूध उतू गेलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. "तुझं दूध," हे म्हणाले. "तुमच्या बुटांच्या डोळ्यांदेखत गेलं," मी म्हटलं. मग मी ओटा पुसला, यांनी उरलेल्या दुधाचा चहा केला, मी डबा भरला, हे गेले. त्या सकाळी बाकी काही घडलं नाही.

मामांचं काय आठवतं असं तू विचारलंस, म्हणून लिहिलं. लोकांना वाटतं मला दवाखाना आठवत असेल. तोही आठवतो, पण ही सकाळ जास्त आठवते. हे जाऊन दीड वर्ष होऊन गेलं. आता दूध उतू जात नाही, कारण मी समोरून हलत नाही.

फोनवर आपण दोघी खोटारड्या आहोत. तू "मस्त" म्हणतेस, मी "छान" म्हणते, आणि ठेवून देतो. पत्राचं काढलंस ते बरं केलंस. नुसतं "छान" लिहून पाकीट चिकटवायला हात धजत नाही.

आता तुझ्या कामाचं. कंपनीचा जुना प्रोग्राम काढून नवा आणायचा आणि त्या कामाची प्रमुख तू, हे वाचून ऊर भरून आला. पण यात अवघड काय ते कळलं नाही. नवं कपाट आणलं की जुन्यातलं काढून त्यात लावायचं, दोन दिवस कंबर धरते, संपलं. तुम्हा शिकलेल्यांना दोन-दोन वर्षं लागतात? समजून घ्यावं म्हणून ग्रंथालयातून संगणकावरची दोन पुस्तकं आणली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काय आजी, नोकरी धरताय?" मी म्हटलं, "तुमचीच जागा बघून ठेवलीय." एक पुस्तक कळलं, दुसरं कळलं नाही. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून माझा नियम आहे, पुस्तक कळलं नाही तर ती लाज पुस्तकाची.

आमच्या इमारतीतली लिफ्ट तुमच्याच कंपनीची आहे. तेव्हा काम नीट कर. चार मजले आणि माझे दोन गुडघे तुझ्यावर अवलंबून आहेत.

तुझी मामी

१४ जानेवारी

प्रिय मामी,

मामांचे ते बूट मलाही आठवतात. लहानपणी त्यात पाय घालून मी तुमच्या घरभर बस चालवायचे आणि मामा हात दाखवून थांबा मागायचे.

तुझं कपाट घेऊनच सांगते. असं समज की कपाट एकटीचं नाही, सहा जावांचं आहे. पंचवीसेक वर्षांत प्रत्येकीनं आपापल्या सोयीनं कप्पे पाडलेत. एकीनं मोज्यांच्या कप्प्यात औषधं ठेवलीत आणि तिला ते बरोबर माहीत आहे. आता नवं कपाट आलंय, त्यावर छापील चिठ्ठ्या आहेत, "मोजे" म्हणजे मोजेच. हलवताना औषधांचं काय करायचं, हे त्या जावेला कुणी विचारतच नाही. विचारलं तरी ती म्हणते, "माझ्या कप्प्यात मोजे आहेत," कारण ती त्याला मोज्यांचा कप्पाच म्हणते.

जुन्या प्रोग्रामला आमच्याकडे सगळे म्हातारी म्हणतात आणि नव्याला सूनबाई. सुट्या भागांचे कोठारवाले पहिल्याच बैठकीत म्हणाले, "म्हातारी खोकते, पण घरातलं सगळं तिला ठाऊक. सूनबाई देखणी आहे, फक्त मीठ कुठंय ते विचारते." मोठे साहेब सोडून सगळे हसले.

माझ्या आधी हेच काम एका गृहस्थांकडे होतं. त्यांची तारीख दोनदा पुढे गेली, मग तेच गेले. त्यांच्या खणात अजून त्यांच्या खोकल्याच्या गोळ्या आहेत. यावेळी तारीख हलणार नाही असं साहेबांनी सगळ्या कंपनीसमोर सांगितलंय. २० फेब्रुवारीला म्हातारी कायमची बंद. खरं सांगू, ही तारीख आधी ठरली आणि काम केवढं आहे ते नंतर मोजलं. पण या वेळी होणार, मामी. मी करून दाखवणार.

परवाच एक मोठा गुंता सुटला. आमचे मेकॅनिक लिफ्टवरचं काम झालं की फोनवरून चार शब्द लिहून कळवतात. म्हातारीला काहीही चालायचं. कुणी "झाले" लिहितो, कुणी "झालं", कुणी "झालय", "झालेलं आहे", "झालंच". सूनबाईला एकच शब्द चालतो, "पूर्ण". मग आम्ही एक साधा नियम केला, "झाल"नं सुरू होणारं सगळं "पूर्ण" धरायचं. एका फटक्यात लाखो ओळी स्वच्छ. त्या नियमावर सही माझी आहे. बैठकीत टाळ्या पडल्या. कधी नव्हे ते बाहेरून आणलेल्या सल्लागारांनीसुद्धा वाजवल्या, आणि ते तर टाळ्यांचेही पैसे लावतात.

तुझा भाग पहिल्या टप्प्यात आहे. या आठवड्यापासून तुझी लिफ्ट सूनबाईच्या राज्यात. कशी वागते ते कळव.

तुझी ठकू

२४ जानेवारी

ठकू,

म्हातारीला काढून टाकायचं ठरवलंय आणि ते तू एका म्हातारीलाच पत्रानं कळवतेस, याला धाडस लागतं. मी राग धरला नाही. पण सुनेला घर समजेपर्यंत सासूला निदान बाजूच्या खोलीत तरी राहू द्या.

सहा जावांचं फार आवडलं. आमच्या सासरी तिघीच होतो, तरी मोज्यांत औषधं होतीच.

सूनबाई कशी वागते विचारलंस, तर ऐक. गेल्या आठवड्यात लिफ्ट बंद पडली. मेकॅनिक आला. बारीक अंगाचा, मिशीवाला, बोलायला गोड. वरच्या मजल्यावर जाऊन खुडबुड केली, खाली आला आणि हात पुसत म्हणाला, "झालंच आजी." हवालदारासारखी शिट्टी वाजवत गेला. जाताना लिफ्टच्या दाराला "वापरू नये" अशी पाटी अडकवून गेला. मी दोन दिवस वाट बघितली. मग कंपनीला फोन लावला.

पलीकडे एक मुलगी होती. म्हणाली, "ताई, तुमची लिफ्ट चालू आहे."

मी म्हटलं, "नाही गं, बंद आहे. मी तिच्यासमोर उभी आहे."

"पण इथे काम पूर्ण झाल्याचं दिसतंय."

"तुला तिथून दिसतंय आणि मला इथून दिसत नाही, असं कसं?"

"ताई, सिस्टीममध्ये पूर्ण आहे म्हणजे पूर्णच आहे."

"मग तू ये, आपण दोघी मिळून बसू."

तिनं पलीकडे काहीतरी खटाखट टाइप केलं. मग म्हणाली, "मी नोंद घेते." कसली नोंद घेतली देव जाणे. बहुतेक "बाई भांडखोर" अशी.

त्या मेकॅनिकचा मला रागच आलाय. काम अर्धवट टाकायचं आणि वर शिट्टी वाजवायची. कामचुकार लेकाचा. तुझ्या ओळखीनं त्याला जरा दम दे.

बाकी मी मजेत आहे.

तुझी मामी

२८ जानेवारी

मामी,

घाईत लिहितेय. "बाकी मजेत" म्हणजे तू गेला आठवडाभर खाली उतरली नाहीस, ग्रंथालयात गेली नाहीस, हे मला कळतं. तुझ्या लिफ्टसाठी माणसं पाठवतेय, दोन दिवसांत चालू होईल.

एक विचारायचंय आणि नीट आठवून लिही. तो मेकॅनिक नक्की काय म्हणाला? "झालं" की "झालंच"? तू पत्रात "झालंच" लिहिलंयस. ते तुझ्या लिहिण्याच्या ओघात आलं, की तो तसंच म्हणाला?

हसू नकोस. कारण नंतर सांगते.

ठकू

२ फेब्रुवारी

ठकू,

लिफ्ट चालू झाली. दोन माणसं आली, साहेबांशी बोलावं तशी माझ्याशी बोलली. इमारतीत माझा भाव वाढलाय. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका बाई आता मला बघून थांबतात.

तो "झालंच" म्हणाला. मला पक्कं आठवतं. "झालं" म्हणाला असता तर मी लगेच लिफ्टमध्ये बसले नसते का? "झालंच" म्हणाला म्हणून तर वाट बघत राहिले. दोन दिवस गेले तेव्हा राग आला.

तुझ्या प्रश्नावर मी रात्री विचार करत होते, तेव्हा तुझे मामा आठवले. हे बसवर निघायचे तेव्हा मी खिडकीतून हाक मारायचे, "रुमाल राहिला!" खालून म्हणायचे, "आलोच." म्हणजे अजून यायचेत. "आलो" म्हणजे माणूस दारात. "आलोच" म्हणजे वाटेत, किंवा अजून वाटेलाही लागला नाही, फक्त मनानं निघालाय. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला याचा त्रास झाला. मी जेवायला ताट वाढून बसायचे. मग कळलं की "आलोच" ऐकलं की भाजी परत गॅसवर ठेवायची.

दवाखान्यात त्या दिवशी त्यांना तपासणीला आत नेत होते. मी म्हटलं, "चष्मा माझ्याकडे राहिलाय." चाकाच्या खुर्चीतून मागे वळून म्हणाले, "असू दे, आलोच." मग डॉक्टरच बाहेर आले.

हे तुला रडवायला लिहिलेलं नाही. तू शब्द विचारलास, म्हणून आठवला तसा सांगितला.

आता कामाचं. तो मिशीवाला मेकॅनिक पुन्हा भेटला. मी कामचुकार म्हटलं होतं ते परत घेते. एक सुटा भाग यायचा होता, त्याची तो वाट बघत होता, आणि तो भाग आलाच नाही. म्हणाला, "आजी, तुमच्यासाठी वरून फोन आला म्हणून दुसऱ्या शहरातून मागवला. शेजारच्या इमारतीला कोण फोन करणार?" शेजारच्या इमारतीत, जिथे आमचा शिंपी राहतो, तिथल्या लिफ्टचा ब्रेक झिजलाय. मिशीवाल्यानं तिथे पाटी लावली होती. तिथल्या लोकांनी कंपनीला फोन केला, पलीकडून उत्तर आलं, "तुमची लिफ्ट चालू आहे." मग तिथल्या नव्या रखवालदारानं पाटी काढली. लिफ्ट मजल्यापाशी न थांबता हातभर खाली जाऊन थांबली. शिंप्याची बायको उतरायला गेली आणि पाय मुरगळून बसली. हळदीचा लेप लावलाय, आणि लिफ्टला पुन्हा पाटी लागलीय.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. तू मला तो शब्द का विचारलास?

तुझी मामी

८ फेब्रुवारी

प्रिय मामी,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं. तिथे कुणी येत नाही, आमच्याकडे लिफ्ट आहे.

मी "झालंच" पहिल्यांदा यादीत वाचलं तेव्हा मला वाटलं, "च" म्हणजे जोर. झालंच, म्हणजे अगदी नक्की झालं. सल्लागारांनी विचारलंही होतं, "हे वेगळं ठेवायचं का?" मी म्हटलं, "नको, तेच आहे, फक्त ठासून सांगितलंय." मामी, मी लहानपणापासून रोज "आलेच" म्हणते आणि मग अर्ध्या तासानं येते. तरी कागदावर ते अक्षर दिसलं तेव्हा मला ते वाचता आलं नाही. बोलताना सगळं कळतं, आणि तक्त्यात गेलं की आपण आपलीच भाषा विसरतो.

तुझं जानेवारीचं पत्र आलं तेव्हा ती यादी पुन्हा काढली. मी म्हातारीमध्ये जाऊन त्या ओळी उघडल्या आणि पुढचं वाचलं. "झालंच, ब्रेकचा भाग आला की बसवतो." "झालंच, वायर बदलायची राहिली." "झालंच, लिफ्ट बंद ठेवलीय." पुढचं वाक्य सूनबाईत आलंच नाही, कारण तिच्याकडे त्याला जागा नाही. आला फक्त पहिला शब्द, तोही "पूर्ण" होऊन. काम पूर्ण दिसलं म्हणून सुट्या भागांच्या मागण्या आपोआप रद्द झाल्या. म्हणून तुझ्या मेकॅनिकला भाग मिळाला नाही. शिंप्याच्या लिफ्टचा ब्रेक मी पुन्हा मागवलाय, पण तो यायला तीन आठवडे तरी लागतील. जुन्या पद्धतीत फोनवरच्या मुली "झालंच" वाचून समजायच्या की हे उघडं काम आहे. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांना लिहायची गरजच वाटली नाही.

अशा लिफ्ट शेकड्यांनी आहेत. अजून फक्त पहिला टप्पा सूनबाईकडे आहे. २० तारखेला बाकीच्या सगळ्या जातील आणि त्या दिवशी सकाळी प्रत्येक इमारतीला संदेश जाणार, "आपली लिफ्ट सुरक्षित असून चालू आहे."

मी साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "किती टक्के?" मी टक्के सांगितले. "म्हणजे फारच थोडे. पुढे जाऊ, मग दुरुस्त करू." मी म्हटलं, "साहेब, त्यातली एक लिफ्ट कुणाच्या तरी आजीची आहे." ते म्हणाले, "भावनेत जाऊ नका." आमच्याकडे दर सोमवारी एक तक्ता दाखवतात, त्यात प्रत्येक विभागापुढे ठिपका असतो. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा लावला की दोन तास प्रश्न विचारतात, म्हणून सगळे हिरवाच लावतात. या सोमवारी सगळे हिरवे होते. माझासुद्धा. अशी कामं का फसतात हे लोक मोठमोठ्या परिषदांत विचारतात. मला आता वाटतं, कारण प्रत्येकाला माहीत असतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या पिवळ्याची वाट बघतो.

शेवटची मंजुरी माझ्या सहीनं जाते. सही केली आणि नंतर रात्रंदिवस बसून दुरुस्त केलं तर? एका महिन्यात होईल. नियम चुकला माझ्याकडून, तो दुरुस्त करायला मी तिथे असायला हवी ना? सही नाही केली तर मला काढतील आणि मग ते दुरुस्त करणारंही कुणी उरणार नाही. तुला काय वाटतं?

ठकू

१२ फेब्रुवारी

ठकू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू "काय करू" असं विचारलेलं नाहीस. "असं केलं तर चालेल का" असं विचारलंयस. चालणार नाही.

शिंप्याकडे जाऊन आले. तिचा पाय सुजलाय. शिंपी म्हणतो, "बायको पडली तर निदान शिवणयंत्राचं पायडल मारायला कुणी नाही म्हणून तरी मला तिची किंमत कळली." ती आतून ओरडली, "पाय बरा झाला की पहिली लाथ कुणाला ते बघा." म्हणजे बरी आहे. पण हातभर खालीच थांबली म्हणून ती लाथेच्या गोष्टी करतेय. एक मजला खाली जाऊन थांबली असती तर?

महिनाभरात दुरुस्त करीन म्हणतेस. तो महिना लोकांनी जिन्यानं जावं की लिफ्टनं, हे कोण सांगणार त्यांना? तुमचा संदेश तर "चालू आहे" सांगणार.

तू चुकलीस तेव्हा तुला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. मला एवढाच फरक दिसतो आणि तेवढा पुरेसा आहे.

आणि तू गेलीस तर दुरुस्त करणारं कुणी उरणार नाही, हे जरा जास्तच झालं, ठकू. तुझे मामा आजारी पडले तेव्हा त्यांनाही वाटायचं की त्यांच्या मार्गावरची बस आता निघणारच नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर निघाली. त्यांना वाईट वाटलं. मी म्हटलं, अहो, चांगलंच आहे की.

नोकरी गेली तर माझ्याकडे ये. खोली रिकामी आहे. पुस्तकं आहेत. चहा तू करायचास.

तुझी मामी

१६ फेब्रुवारी

प्रिय मामी,

सही केली नाही.

आज सकाळी बैठक होती. पडद्यावर तक्ता आला. सगळे हिरवे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "माझा लाल." साहेब म्हणाले, "लाल नसतोच आपल्याकडे, पिवळा म्हणा." मी म्हटलं, "मग आजपासून ठेवू या." कोठारवाले खोकल्यासारखं करून हसले. मी त्या ओळी मोठ्यानं वाचल्या, एकेक. "झालंच, ब्रेकचा भाग आला की बसवतो." पाच-सहा ओळींनंतर कुणी हसेना. सल्लागार म्हणाले, "हा भाषेचा प्रश्न आहे, तंत्राचा नाही." मी म्हटलं, "लिफ्टमधला माणूस भाषेसकट पडतो."

मग साहेबांनी माझ्या हाताखालच्याला विचारलं, "तुम्ही सही करता?" त्यानं माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं आणि केली. मला त्याचा राग नाही. त्याचं घर नुकतंच झालंय, "झालंच" नाही, खरोखर झालंय. मला सांगितलं, घरी राहा, कळवू.

म्हणजे २०ला संदेश जाणार. मी लिफ्टची सुरक्षा तपासणाऱ्या सरकारी खात्याला लिहिलंय. त्यांचा एक अधिकारी फोनवर नीट बोलला, पण त्यांना कागद हलवायला चार-पाच दिवस लागतील. तोवर मी घरी बसून भागाभागाच्या मेकॅनिकांना फोन लावतेय. मजा म्हणजे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. "झालंच लिहिलेल्या लिफ्ट बंद ठेवा," एवढंच म्हटलं की ते म्हणतात, "कळलं ताई." तुझ्या मिशीवाल्याला मात्र अजून फोन लागला नाही. शिंप्याच्या इमारतीतला रखवालदार नवा आहे ना? त्याला संदेश येईल आणि तो पाटी काढून लिफ्ट चालू करेल. तिथे कुणाला तरी सांगून ठेव.

फोन केला नाही, कारण फोनवर मी रडले असते आणि तू "छान" म्हणाली असतीस. आज मी रडले नाही. भूक लागली, आणि पोटभर जेवले.

ठकू

३ मार्च

ठकू,

परवा तू फोनवर ओरडलीस ते इमारतीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. सरकारी खात्याच्या एका पत्रानं म्हातारी उठून बसली, साहेबांनी सगळ्या इमारतींना दुसरा संदेश पाठवला, आणि आता तुला परत बोलावून मेकॅनिकांबरोबर एकेक ओळ वाचायला बसवलंय. पगार तोच, पद खालचं. तू म्हणालीस, "मामी, पद गेलं पण टेबल मोठं मिळालं, सगळे मेकॅनिक मावतात." बरं झालं. माझ्या मते तू आता खरं काम करतेस. त्यांच्याशी बोलताना वहीत मान घालून बसू नकोस, त्यांच्या तोंडाकडे बघ. आणि सूनबाईला उगाच नावं ठेवू नका. तिची चूक नाही, तिला घर कुणी दाखवलंच नाही. वर्षभरानं तीही खोकायला लागेल.

शिंप्याच्या बायकोनं पहिली लाथ मारली, पण शिवणयंत्राच्या पायडलला. शिंपी निराश झाला.

फोनवर तू विचारलंस, तुझं सोळा तारखेचं पत्र मिळाल्यावर मी काय केलं. मी "काही नाही" म्हटलं. फोनवर मी तशीच आहे, तुला माहीत आहे. पत्र १९ तारखेला दुपारी आलं. संध्याकाळी मी रखवालदाराला सांगायला गेले, तर तो सुट्टीवर आणि त्याच्या जागी त्याचा मेहुणा. तो म्हणाला, "आजी, वरून जे सांगतील ते मी करणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चष्मा लावला, एक पुस्तक पिशवीत टाकलं, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि शिंप्याच्या इमारतीत जाऊन लिफ्टच्या दाराला पाठ लावून बसले. सगळ्यांच्या फोनवर संदेश आला. तिसऱ्या मजल्यावरचा वकील मला तो दाखवायला आला. मी म्हटलं, "दादा, वाचला. जिना तिकडे आहे." मिशीवाल्याला तुझा फोन लागून त्यानं येऊन वरून वीज तोडेपर्यंत मी उठले नाही.

तुझी मामी